दर्या दारात, तरी मीठ विकत?
खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल वाचकांचे प्रश्न

श्रावण सरत आला की या सदराकडे खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची पत्रं वाढतात. पावसात समुद्र पातळ होतो, वीज जाते-येते, मिठाच्या पिशव्यांना पाणी सुटतं आणि टाकीतल्या माशांना याचा सगळा हिशेब चुकवावा लागतो. या वेळची पत्रं मात्र जवळपास सगळी पाण्याबद्दलच निघाली, माशांबद्दल फार थोडी. मला बरं वाटलं. मासा पाच मिनिटांत विकत मिळतो, पाणी तयार करायला पुरता एक दिवस जातो, हे लोकांना पटायला लागलंय.

एक आधीच सांगून टाकते. रत्नागिरीतल्या माझ्या दुकानात मी समुद्री मिठाच्या, म्हणजे टाकीसाठी समुद्रातले सगळे क्षार मिसळून केलेल्या मिठाच्या पिशव्या विकते. त्यामुळे खालचं काही वाचून ‘मावशी गल्ल्याकडे बघून बोलते’ असं वाटलं, तर खुशाल दुसऱ्या कुणाला विचारून खात्री करा.

प्रश्न : मावशी, आमचं घर मालवणला, कोळंबच्या खाडीजवळ. शंभर लिटरची टाकी घेतली, दोन क्लाऊनफिश आणले. सासरे म्हणाले, “समुद्र दारात आसताना मीठ इकत कित्याक घेतंस?” म्हणून ऑगस्टात उघडीप मिळाली तेव्हा खाडीच्या तोंडावरून पाणी आणलं, पंचातून गाळून भरलं. पाणी अगदी नितळ होतं. दुसऱ्या दिवशी वास यायला लागला, तिसऱ्या दिवशी दोन्ही मासे गेले. पाण्याची घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०१४ दाखवतो. पाणी समुद्राचं, मासेही समुद्राचे, मग बिघडलं कुठे?

उत्तर : सासऱ्यांचं म्हणणं चुकीचं नाही. समुद्राचं पाणी घरच्या टाकीला चालतं, उत्तम चालतं. फक्त ते कुठलं, कधीचं आणि आणल्यावर त्याचं काय केलं, यावर सगळं अवलंबून.

तुमचा १.०१४ हा आकडा बघा. उघड्या समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि हायड्रोमीटरवर ते १.०२५-१.०२६ दिसतं. तुमच्या पाण्यात क्षार १९ ग्रॅमच्या आसपास भरले असतील. म्हणजे जेमतेम अर्धा समुद्र, बाकी डोंगरावरून आलेलं पावसाचं पाणी. जून ते सप्टेंबर वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, गड, कर्ली, सगळ्या नद्या भरून वाहतात. खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं आणि बादली आपण वरच बुडवतो.

पण नुसता खारटपणा कमी झाला म्हणून क्लाऊनफिश तीन दिवसांत मरत नाही. कातडीवरच्या परजीवींसाठी माशांना मुद्दाम १.००९ पर्यंत उतरवतात, हळूहळू, आणि ते तग धरतात. तुमच्याकडे ते एका दमात उतरले, तो एक धक्का. खरा घात केला त्या वासाने. बादलीभर समुद्रात डोळ्यांना न दिसणारं प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, असतं. पंचातून ते सहज पार होतं. बंद टाकीत, उकाड्यात, अंधाऱ्या खोलीत ते मरतं, कुजतं आणि अमोनिया सुटतो. नव्या टाकीत तो खाणारे जिवाणू अजून रुजलेले नसतात. त्यात समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३, आणि सामू चढा असला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो. माशांचे कल्ले लाल झाले होते का, पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते का, आठवून बघा.

तर मग कसं आणायचं? पावसाळ्यात आणूच नका. दिवाळीनंतर, समुद्र निवळला की आणा. खाडीचं तोंड, बंदर, जेटी, सांडपाण्याचा नाला यांपासून लांबची, उघड्या समुद्राकडे तोंड असलेली खडकाळ जागा निवडा. त्याहून बरं, ओळखीच्या होडीवाल्याला चार कॅन द्या आणि किनाऱ्यापासून आत गेल्यावर भरून आणायला सांगा. कॅन पिण्याच्या पाण्याचे द्या, त्याच्याकडचे डिझेलचे धुऊन घेतलेले नकोत. धुतल्यावर डिझेल जातं असं फक्त होडीवाल्यालाच वाटतं. उधाणाच्या दिवसांत पाणी ढवळलेलं असतं, म्हणून भांगाचे दिवस, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, बघा आणि भरती पूर्ण भरल्यावर घ्या. ओहोटीला खाडीचंच पाणी बाहेर येत असतं.

आणखी एक. थंडीत कधीकधी रात्री लाटा निळसर चमकतात आणि सगळे मोबाईल घेऊन किनाऱ्यावर धावतात. ती चमक बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जिवाची असते आणि त्याच्या पेशीतच अमोनिया साठलेला असतो. फोटो जरूर काढा, कॅन घरी ठेवा.

आणलेलं पाणी आधी दाट कापडातून, मग पाच किंवा एक मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. पुढे दोन वाटा आहेत. पहिली सबुरीची. झाकणाच्या पिंपात, अंधारात, दोनेक आठवडे ठेवायचं. प्लवक मरून तळाला बसतं. वरचं निवळ पाणी नळीने काढून घ्यायचं, दिवसभर हवेचा पंप लावायचा, अमोनिया तपासायचा. शून्य आला तरच टाकीत.

दुसरी वाट कोळंबीच्या हॅचऱ्यांची, क्लोरीनची. शंभर लिटरला दहा मिलिग्रॅम प्रति लिटर या हिशेबाने एक ग्रॅम क्लोरीन लागतो. म्हणजे ५ टक्क्यांचं, सुगंध न घातलेलं, बिनसाबणाचं सोडियम हायपोक्लोराइट वीस मिली. चोवीस तास ठेवायचं, मग सोडियम थायोसल्फेट, दुकानात ज्याला अँटिक्लोरीन म्हणतात ते, घालायचं. एका भाग क्लोरीनला सात भाग पुरतात, म्हणजे शंभर लिटरला फार तर सात ग्रॅम. त्यानंतर ओटी टेस्ट, म्हणजे उरलेला क्लोरीन दाखवणारी चाचणी, करा. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक विहिरीच्या पाण्यावर करतात तीच. पाणी जराही पिवळं झालं तर अजून थायोसल्फेट हवं. रंग आला नाही तर दिवसभर हवा सोडून, कार्बन फिल्टरमधून फिरवून वापरा. हे काम अंगणात करा, मोरीत नको, आणि त्या बाटलीजवळ ॲसिडची बाटली आणू नका.

एवढा खटाटोप वाचून मिठाची पिशवी स्वस्त वाटू लागली असेल, तर तो माझा दोष नाही.

प्रश्न : आम्ही शिरोड्याजवळ राहतो. मिठागरातलं खडं मीठ आयोडीन नसलेलं, अगदी नैसर्गिक असतं. समुद्राच्याच पाण्यापासून केलेलं. तेच गोड्या पाण्यात विरघळवलं की पुन्हा समुद्राचं पाणी होणार, नाही का?

उत्तर : शिरोड्याच्या मिठाला मी वावगं बोलणार नाही, १९३० साली लोकांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्यात. पण नाही होणार, आणि का नाही ते मिठागरातच उभं राहून दिसतं.

पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात सोडत आटवत नेतात. आटताना सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी चुना बसतो, मग जिप्सम, म्हणजे कॅल्शियम आधीच्याच वाफ्यांत मागे राहतं. त्यानंतर साधं मीठ, सोडियम क्लोराइड, खड्यांनी धरतं. ते धरलं की वर एक तेलकट, जिभेला कडू लागणारं पाणी उरतं. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम त्यात असतं आणि ते पाणी सोडून देतात, कारण ते राहिलं तर मीठ कडवट होतं आणि हवेतलं पाणी ओढतं. चांगलं मीठ म्हणजे समुद्रातून बाकीचं सगळं वजा केलेलं. सोलकढीला तेच हवं असतं, टाकीला ते वजा केलेलं हवं असतं.

किलोभर समुद्राच्या पाण्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या वर, सोडियम पावणेअकरा, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम आणि पोटॅशियम ०.४-०.४ ग्रॅम असतं. शेवटचे आकडे किरकोळ दिसतात, पण शंख-शिंपले आणि प्रवाळ कवच बांधतात ते त्या कॅल्शियमवर, आणि मॅग्नेशियम नसेल तर तेही पाण्यात टिकत नाही, पांढरी भुकटी होऊन बसतं. सामू धरून ठेवणारे बायकार्बोनेटही खड्या मिठात नसतात. नुसत्या खड्या मिठाच्या पाण्यात हायड्रोमीटर बरोब्बर १.०२५ दाखवेल, कारण त्याला फक्त घनता कळते, आणि मासे तरीही झुरतील.

खडं मीठ फेकू नका. गोड्या पाण्यातल्या गोल्डफिशला बुरशी लागली तर त्याच्या आंघोळीला ते उत्तम.

प्रश्न : दापोलीहून लिहितो. समुद्री मीठ आणलं, बादलीत टाकून वर पाणी ओतलं. पाणी दुधासारखं झालं, तळाला पांढरा गाळ बसला आणि दोन दिवस झाले तरी विरघळत नाही. मीठ बनावट आहे का?

उत्तर : मीठ चांगलं असेल, कालवलंत उलटं. आधी पाणी, मग मीठ. मिठावर पाणी ओतलं की पहिल्या काही क्षणांत बादलीत भयंकर घट्ट द्रावण होतं, त्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरतात आणि चुना होऊन बसतात. तो पुन्हा विरघळत नाही. गाळासकट ओतू नका. वरचं पाणीही अल्कलिनिटी, म्हणजे सामू धरून ठेवणाऱ्या बायकार्बोनेटचं माप, तपासल्याशिवाय नको. ती ७ डीकेएचच्या (हे तिचं एकक) खाली गेली असेल तर झाडाला नव्हे, गटारात. त्यात मीठ आहे.

पिंपात आधी पूर्ण पाणी भरा. आत एक छोटा पंप सोडा, पाणी फिरतं राहू दे. मग मीठ मूठ-मूठ करून, आधीचं विरघळल्यावर पुढचं. शंभर लिटरला साधारण साडेतीन ते पावणेचार किलो लागतं. आकडा असा मोघम देते, कारण कोकणात पावसाळ्यात पिशवी फोडली की दुसऱ्या दिवसापासून मिठाला पाणी सुटतं, आणि मग एक किलोच्या मापात किती मीठ आणि किती दमट हवा हे तराजूला कळत नाही. पिशवी फोडलीत की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि प्रत्येक वेळी डबा आडवा करून घोळवून घ्या, नाहीतर बारीक क्षार तळाशी जातात आणि पहिलं पाणी वेगळं, शेवटचं वेगळं होतं. शेवटचा शब्द मापाचा नाही, मीटरचा.

चोवीस तास पंप चालू राहू दे. तासाभरात पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यातले वायू आणि सामू जागेवर यायला वेळ लागतो. ओतण्याआधी तीन गोष्टी टाकीशी जुळवा: घनता, तापमान, सामू. मासे अजून आणलेलेच नसतील तर पाणी थेट टाकीत कालवलं तरी चालेल. मासे आत असताना कधीही नाही.

मीटरचंही सांगते. लोलकाच्या हायड्रोमीटरच्या काट्याला बुडबुडे चिकटतात आणि तो खोटं जास्त दाखवतो, म्हणून टिचकी मारून बुडबुडे उडवा आणि दर वेळी गोड्या पाण्याने धुवा. परवडलं तर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा सांगणारा मीटर, घ्या, पण तो साध्या पाण्यावर शून्याला लावून समाधान मानू नका. किलोला ३५ ग्रॅम क्षारांच्या मानक द्रावणावर लावून बघा. आपल्याला मोजायचंय तिथेच तो बरोबर असायला हवा.

प्रश्न : रत्नागिरीतच राहते. मीठ चांगल्या कंपनीचं, पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं. तरी वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुरी धरते, पुसली की परत येते. आरओचं पाणी टीडीएस मीटरवर ६० दाखवतं. हे चांगलं ना?

उत्तर : तुम्हाला प्यायला चांगलं. स्वयंपाकघरातल्या आरओत चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतात, किंवा खनिजांचा एक कँडल बसवलेला असतो. ते ६० तिथून येतात. दुरुस्तीवाल्याला बोलवा, आरओच्या पडद्यातून (मेम्ब्रेनमधून) निघाल्याबरोबर एक वेगळी नळी काढून घ्या आणि तिच्यापुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा, डबा जोडा. तिथे मीटरवर शून्य दिसलं पाहिजे.

तपकिरी भुरी म्हणजे डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. त्यांना घर बांधायला सिलिका लागते, आणि दगडा-मातीतून झिरपलेल्या कुठल्याही पाण्यात ती थोडीफार असतेच. पडदा बरीचशी अडवतो, उरलेली रेझिन धरतं. गोम अशी की रेझिन थकायला लागलं की सर्वांत आधी सिलिकाच सुटते, मीटर शून्य दाखवत असतानाच. भुरी वाढली आणि मीटर निर्धास्त असला तर रेझिन बदला. टाकी नवीन असेल तर पहिले काही आठवडे भुरी धरणारच, तेव्हा उगाच खर्च करू नका.

टीडीएस मीटर चहाडखोर शेजाऱ्यासारखा आहे: काहीतरी आहे एवढं सांगतो, काय आहे ते नाही. क्लोरीन तर त्याला दिसतच नाही. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पडली की पडद्याच्या आधीचा कार्बन फिल्टर वेळेवर बदला. क्लोरीन पडदाही खातो आणि माशांचे कल्लेही. नुसतं विहिरीचं पाणी असेल तर उघड्या भांड्यात हवेचा पंप लावून एक दिवस ठेवलं की क्लोरीन उडतो. शहराच्या पाण्यात क्लोरामाइन असलं तर ते तसं उडत नाही, अँटिक्लोरीन आणि कार्बन दोन्ही हवेत.

प्रश्न : आरओ पाऊण पाणी फुकट घालवतो आणि इकडे गुहागरात पागोळ्या धो धो गळताहेत. पावसाचं पाणी मिठासाठी वापरू का?

उत्तर : वापरा की! पण पागोळ्यांचं नको. कौलांवर शेवाळ, पानांचा कुजका, पक्ष्यांची घाण. पत्र्यावरून आलं तर त्यात जस्त. अंगणात चार काठ्यांवर खाद्यपदार्थांसाठी चालणारं स्वच्छ प्लॅस्टिक ताणा, मध्ये खोलगट ठेवा आणि खाली पिंप. एक चौरस मीटरवर दहा मिलिमीटर पाऊस पडला की दहा लिटर पाणी मिळतं. आपल्याकडे आषाढातल्या एका चांगल्या दिवसात दोन चौरस मीटरवर शंभर लिटर सहज जमतात. मृगाच्या पहिल्या सरी वाया जाऊ द्या, त्यांनी हवेतली धूळ खाली येते. जमवलेलं पाणी कार्बन आणि डीआयमधून काढा. मुळात इतकं मऊ पाणी की रेझिन कितीतरी जास्त दिवस पुरेल. आरओचं वाया जाणारं पाणी लादी पुसायला जातं, ते नाल्यात सोडू नका.

प्रश्न : अलिबागहून. सासूबाई म्हणतात तांब्याच्या हंड्यात रात्रभर पाणी ठेवलं की शुद्ध होतं. टाकीसाठी ठेवू का?

उत्तर : सासूबाईंना नमस्कार सांगा आणि हंडा देवघरात ठेवा. तांबं जंतूंना मारतं, ते खरं. ज्या गुणाने ते जंतू मारतं त्याच गुणाने कोळंबी, खेकडे, गोगलगायी, प्रवाळही मारतं. माशांच्या रोगावर तांब्याचं औषध लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम देतात. मासा ते सोसतो, त्याच टाकीतली कोळंबी सोसत नाही. तांब्याचा बंब, पितळेची तोटी, पितळेचा जोड, काही नको. जस्ताची बादली आणि जुना जीआय पाइपही नको. पिंप खाद्यपदार्थांचं, पांढरं घ्या. भंगारवाल्याकडचं निळं पिंप स्वस्त असतं, पण त्यात आधी काय होतं हे त्यालाही माहीत नसतं.

प्रश्न : मी नववीत आहे, देवगडला राहतो. मे महिन्यापासून टाकीतलं पाणी दर आठवड्याला आणखी खारट होतं. मी कमी झालेलं पाणी नवीन खाऱ्या पाण्याने भरतो. आणि मालवणहून प्रवाळाचा तुकडा आणून टाकीत ठेवला तर चालेल का?

उत्तर : पहिल्याचं उत्तर तुझ्या प्रश्नातच आहे. उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. त्यावर तू आणखी मीठ घालतोस. उडालेलं पाणी नेहमी गोड्या, डीआयच्या पाण्याने भरायचं. काचेवर एक पट्टी चिकटव, पाणी तिच्याखाली गेलं की रोज थोडं थोडं भर. पंखा लावून टाकी थंड ठेवत असशील तर पाणी आणखी भराभर उडतं. आता चढलेला खारटपणा एका दिवसात उतरवू नकोस. थोडं खारं पाणी काढ, तेवढं गोडं घाल, आठवडाभर असं चालू दे.

प्रवाळाचं स्पष्ट सांगते: नाही. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत आहे. समुद्रघोडाही तसाच. किनाऱ्यावर वाहून आलेला असो की पाण्यातला, तिथेच राहू दे.

प्रश्न : कालवलेलं पाणी किती दिवस ठेवता येतं? दर रविवारी नव्याने करायचा कंटाळा येतो.

उत्तर : झाकण लावून, उन्हापासून लांब, दोन-तीन आठवडे सहज राहतं. पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर पाकिटाचं ऐका. वापरायच्या आदल्या रात्री पंप लावा आणि सकाळी घनता पुन्हा बघा, झाकण सैल असेल तर ती चढलेली असते. पावसाळ्यात टाकीच्या पाव भागाएवढं पाणी कायम तयार ठेवा. रात्रभर वीज गेली आणि सकाळी मासे वर येऊन धापा टाकायला लागले, तर त्या वेळी मीठ कालवत बसायला चोवीस तास नसतात.